चाळिशीतील खाकी : दार उघडे, वाट मात्र बंद

बीड : महाशिवरात्रीला परळी वैजनाथाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गणेश विसर्जनाच्या दिवशी बीड शहरातील चौकात किंवा दसऱ्याच्या दिवशी सावरगावच्या मेळाव्याकडे वळणाऱ्या वाहनांच्या रांगेत हातात काठी व तोंडात शिट्टी घेऊन उभा असलेला खाकीतला प्रत्येक माणूस पोलीस असतोच असे नाही. त्यांतील अनेक जण गृहरक्षक दलाचे म्हणजे होमगार्डचे जवान असतात. बंदोबस्त संपला की हा जवान पुन्हा आपल्या रिक्षाकडे, शेताकडे, किराणा दुकानाकडे किंवा गवंडीकामाकडे परततो. गर्दीला त्याच्यात व पोलीस शिपायात फरक दिसत नाही. सरकारच्या हिशेबात मात्र तो फरक फार मोठा आहे.

हा फरक सर्वांत जास्त बोचतो तो पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला. दुष्काळाने शेती बसलेली, पहिला रोजगार सुटलेला आणि तरीही अंगात मेहनतीची तयारी असलेल्या माणसाला आयुष्याच्या मध्यावर व्यवसाय बदलायचा असेल, तर खाकी गणवेशाचे एकच दार त्याच्यासाठी उघडे असते. ते दार होमगार्डचे. वयाच्या 50 व्या वर्षापर्यंत त्यातून आत जाता येते. परंतु आत गेल्यानंतर पुढे पोलीस दलात जाण्याची जी वाट दाखवली जाते, ती त्याच्या वयामुळे आधीच बंद झालेली असते. सेवाभाव, अनुभव आणि उपजीविका या तिन्ही गोष्टींचा गुंता येथूनच सुरू होतो.

जन्म संकटातला

गृहरक्षक दलाची स्थापना 6 डिसेंबर 1946 रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात झाली. जातीय दंगलींनी मुंबई होरपळत असताना पोलिसांना नागरिकांची साथ मिळावी, हा त्यामागील हेतू होता. मोरारजी देसाई त्यावेळी प्रांताचे गृहमंत्री होते. पुढील वर्षी 1947 चा मुंबई गृहरक्षक अधिनियम आला आणि दलाला कायद्याचा आधार मिळाला. चीनच्या 1962 मधील आक्रमणानंतर केंद्र सरकारने देशभर या दलाची एकसमान बांधणी करण्याचे धोरण स्वीकारले. 'निष्काम सेवा' हे दलाचे ब्रीद आहे.

बीड त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. गणवेशातील स्वयंसेवकाची या भागाला झालेली पहिली ओळख वेगळी आणि कटू होती. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थच स्वयंसेवक. लातूरच्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील त्या स्वयंसेवकांच्या आठवणी मराठवाड्यातील जुन्या पिढीने आयुष्यभर बाळगल्या. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने संस्थान मुक्त झाले आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. सामान्य माणसाच्या हाती गणवेश व अधिकार देताना त्याच्यावर कायद्याचे नियंत्रण का हवे, हे या प्रदेशाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

होमगार्डच्या बाबतीत ते नियंत्रण स्पष्ट आहे. कर्तव्यावर बोलावले गेल्यानंतर त्याला कायद्याने पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार आणि संरक्षण मिळते. कर्तव्य संपताच हे अधिकारही संपतात. जिल्ह्यात दलाचे नेतृत्व जिल्हा समादेशकाकडे असते आणि बहुतेक जिल्ह्यांत अपर पोलीस अधीक्षक हीच जबाबदारी सांभाळतात. तालुका पातळीवर समादेशक व पथके असतात. नियमित कवायत, ठराविक प्रशिक्षण आणि दर तीन वर्षांनी पुनर्नियुक्ती अशी ही रचना आहे.

कोणाला प्रवेश मिळतो?

भरतीच्या अटी पोलीस भरतीपेक्षा सौम्य आहेत. उमेदवार दहावी उत्तीर्ण असावा, वय 20 ते 50 दरम्यान असावे. पुरुषांसाठी उंची 162 सेंटिमीटर, तर महिलांसाठी 150 सेंटिमीटर. पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, शिवाय गोळाफेक असते. माजी सैनिक, राष्ट्रीय छात्रसेनेचे प्रमाणपत्रधारक, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेले किंवा जड वाहन चालविण्याचा परवाना असलेले यांना तांत्रिक अर्हतेचे गुण मिळतात. खासगी नोकरीत असलेल्याला मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. उमेदवार संबंधित पोलीस ठाण्याच्या हद्दीतील रहिवासी असणेही आवश्यक असते.

या अटींतच दलाची मूळ कल्पना दिसते. ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आधीच आहे, ज्याच्या हाताला कसब आहे, जो आपल्या गावात राहतो आणि गरजेला धावून येतो, असा नागरिक अभिप्रेत आहे. नोकरीच्या शोधातला बेरोजगार या कल्पनेत कोठेही बसत नाही. बीडचे वास्तव नेमके येथेच कल्पनेपासून फारकत घेते.

2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 25 लाख 85 हजार लोकसंख्येच्या या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात मोठे उद्योग मोजकेच आहेत. दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. कोयत्याची ही फेरी चाळिशीनंतर शरीराला झेपेनाशी होते. पाठ, गुडघे बोलू लागतात. मुले शाळेत असतील तर गाव सोडणे नकोसे होते. अशा वेळी गावात राहून करता येईल असे, अंगावर इभ्रतीचा गणवेश असलेले काम म्हणून होमगार्डकडे पाहिले जाते. पतीच्या निधनानंतर घराचा भार एकटीने उचलणाऱ्या महिलांच्या दृष्टीनेही ही वाट मोलाची ठरते. ब्रीदवाक्य निष्काम सेवेचे असले, तरी अर्ज भरणाऱ्याच्या मनात घरखर्चाचा हिशेब असतो आणि त्यात गैर काही नाही.

हिशेब काय सांगतो?

हा हिशेब अनेक वर्षे फारच तोकडा होता. 2019 मध्ये राज्य सरकारने प्रतिदिन कर्तव्य भत्ता 300 वरून 570 रुपये केला आणि वर्षाला 180 दिवस काम देण्याचे धोरण ठरविले. 1 ऑक्टोबर 2024 पासून हा भत्ता 1,083 रुपये झाला. राज्यातील सुमारे 40 हजार जवानांना त्याचा लाभ झाला. कवायतीचा व भोजनाचा भत्ताही त्याच वेळी वाढविण्यात आला.

या वाढीमागे सर्वोच्च न्यायालयाचा 11 मार्च 2015 चा निकाल आहे. हिमाचल प्रदेशातील गृहरक्षकांच्या संघटनेने केलेल्या या प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. होमगार्ड हे स्वयंसेवी दल असल्याने त्यांना नियमित नोकरीत कायम करण्याचा आदेश देता येणार नाही, ही पहिली. दुसरी अशी, की त्यांच्याकडून पोलिसांचेच काम घेतले जाते, म्हणून 30 दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरेल अशा दराने तो द्यावा. महाराष्ट्रात पोलीस शिपायाचे मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होते. त्यावर 50 टक्के महागाई भत्ता धरला तर रक्कम 32,550 होते आणि ती 30 ने भागली की 1,085 येतात. म्हणजे निकालातील सूत्राच्या जवळ पोहोचायला राज्याला नऊ वर्षे लागली.

तरीही खरी मेख दिवसांच्या संख्येत आहे. पूर्ण 180 दिवस काम मिळाले तर वर्षाचे 1 लाख 94 हजार 940 रुपये होतात, म्हणजे महिन्याला सरासरी 16 हजारांच्या आसपास. शंभरच दिवस मिळाले तर हीच सरासरी 9 हजारांवर येते. काम सण, निवडणुका, यात्रा आणि आंदोलने यांच्या वेळापत्रकाप्रमाणे येते. ते एका महिन्यात अंगावर कोसळते, तर दुसऱ्या महिन्यात शून्यावर जाते. बँकेचा हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांना असे वेळापत्रक मान्य नसते.

अनिश्चिततेचा याहून मोठा अनुभव 2020 मध्ये आला. त्या वर्षी जानेवारीत निधीअभावी होमगार्डच्या नेमणुकांना कात्री लागली. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी जाहीर झाली आणि नाकाबंदीसाठी, रुग्णालयांबाहेर, जिल्ह्यांच्या सीमांवर याच मनुष्यबळाची गरज भासली. गरज असताना तो पोलिसांचा सहकारी असतो आणि पैसे देण्याची वेळ आली की तो स्वयंसेवक ठरतो, ही जवानांची जुनी तक्रार या दोन महिन्यांच्या अंतराने खरी करून दाखविली.

तुलनेसाठी गावातील पोलीस पाटलाचे उदाहरण पाहता येईल. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 नुसार नेमला जाणारा पोलीस पाटीलही पूर्णवेळ नोकर नसतो. शेती वा छोटा व्यवसाय सांभाळून तो गावातील घडामोडींची माहिती ठाण्याला देतो. नेमणुकीसाठी वय 25 ते 45 आणि शिक्षण दहावी. मार्च 2024 मध्ये त्याचे मानधन 6,500 वरून 15 हजार रुपये झाले. वर्षाची रक्कम 1 लाख 80 हजार म्हणजे होमगार्डच्या कमाल उत्पन्नापेक्षा थोडी कमीच. पण ती दरमहा ठरलेली आहे आणि तोच मोठा फरक आहे. अर्थात पोलीस पाटलाचे पद गावात एकच असते, त्यामुळे ती वाट फार थोड्यांची.

पाच टक्क्यांचे गाजर

होमगार्डच्या भरतीच्या जाहिरातीत एक आकर्षक वाक्य असते : तीन वर्षे सेवा पूर्ण करणाऱ्यास पोलीस दल, वन विभाग व अग्निशमन दलाच्या भरतीत पाच टक्के आरक्षण. विशीतल्या मुलासाठी हे वाक्य खरे आहे. एकविसाव्या वर्षी दलात आलेला तरुण चोविसाव्या वर्षी या आरक्षणाचा दावेदार होतो. बारावीची अट पूर्ण केली आणि मैदानी व लेखी परीक्षेत टिकला, तर त्याच्या अर्धवेळ सेवेचे चीज होते.

पस्तिसाव्या वर्षी आलेल्या माणसासाठी मात्र त्याच वाक्याला अर्थ उरत नाही. पोलीस शिपाई भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 28 आणि मागास प्रवर्गासाठी 33 वर्षे आहे. होमगार्डमध्ये सेवा केल्याने या मर्यादेत एका वर्षाचीही सवलत मिळत नाही. तिशीनंतर दलात येणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराची संधी तो पहिल्या कवायतीला उभा राहण्यापूर्वीच संपलेली असते.

वयाची अट शिथिल करताच येत नाही, असेही नाही. याच भरतीच्या नियमांत प्रकल्पग्रस्त व भूकंपग्रस्तांसाठी 45 वर्षे, तर पदवीधर अंशकालीन कर्मचाऱ्यांसाठी तब्बल 55 वर्षे अशी मर्यादा आहे. खेळाडूंना पाच वर्षांची सूट आहे. माजी सैनिकांची सैन्यातील सेवा वयातून वजा होते. ऑगस्ट 2025 मध्ये 15,631 पदांच्या भरतीला मंजुरी देताना मंत्रिमंडळाने 2022 व 2023 मध्ये वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना एक वेळची संधीही दिली. धरणासाठी जमीन दिलेल्याला, भूकंपात घर गमावलेल्याला सवलत मिळणे योग्यच आहे. परंतु ज्याने प्रत्यक्ष पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून दहा वर्षे बंदोबस्त केला, त्याच्या वयाचा विचार नियमांत कोठेच नसावा, ही विसंगती आहे.

दुसऱ्या देशांतील वाट

इंग्लंडमध्ये 'स्पेशल कॉन्स्टेबल' ही व्यवस्था 1831 च्या कायद्यापासून चालत आली आहे. शिक्षक, लेखापाल, दुकानदार असे लोक आठवड्याच्या सुट्टीतले काही तास पोलीस म्हणून काम करतात. त्यांना पगार मिळत नाही, केवळ खर्च मिळतो. अधिकार मात्र नियमित पोलिसाचे असतात. तेथे नियमित पोलीस भरतीलाही वरची ठरावीक वयोमर्यादा नाही. शारीरिक क्षमता सिद्ध केली की चाळिशीतील माणूसही नव्याने पोलीस होऊ शकतो. त्यामुळे अनेकांसाठी अर्धवेळ सेवा ही व्यवसाय बदलण्यापूर्वीची चाचणी ठरते. रात्रपाळी झेपते का, दारूच्या नशेतील माणसाशी संयमाने बोलता येते का, अपघातातले रक्त पाहून हात थरथरतात का, हे नोकरी सोडण्याआधीच कळते. पोलीस खात्यालाही उमेदवार पारखून घेता येतो.

इंग्लंडची ही पद्धत जशीच्या तशी बीडला लागू होणार नाही. तेथील स्वयंसेवकाचे घर त्याच्या मूळ पगारावर चालते. येथे भत्त्यावरच चूल पेटते. मात्र 'आधी अर्धवेळ, मग पूर्णवेळ' ही शिडी तेथे खरोखर वरच्या मजल्याला टेकलेली आहे, एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे.

आक्षेप आणि उत्तरे

वयाची सवलत मागताच पहिला आक्षेप येईल तो तरुणांचा आणि तो खोटा नाही. 2024 मधील 17,471 पदांच्या पोलीस भरतीसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर उमेदवार. बीड, अंबाजोगाई, गेवराईच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात धावणारी मुले या शंभरातलीच असतात. त्यांच्या ताटातला घास चाळिशीतल्या माणसाला द्यायचा का?

याचे उत्तर असे, की पाच टक्के जागा होमगार्डसाठी आधीच राखीव आहेत. सवलत त्या पाच टक्क्यांतच द्यावयाची आहे आणि त्यामुळे इतरांच्या जागा कमी होत नाहीत. तेवढ्यापुरती स्पर्धा दलातील तरुण जवान व ज्येष्ठ जवान यांच्यात होईल. झालेल्या सेवेइतकी वर्षे वयातून वजा करणे, हे माजी सैनिकांना लावलेले सूत्र येथेही लावता येईल.

दुसरा आक्षेप शारीरिक क्षमतेचा. तो मान्य करूनच पुढे जावे लागेल. दंगल नियंत्रण पथकात किंवा आरोपीच्या पाठलागात पंचविशीतील शिपायाची बरोबरी पंचेचाळिशीतला माणूस करू शकणार नाही. परंतु पोलीस ठाण्याचे काम तेवढेच नसते. वाहतूक नियमन, चालक, नियंत्रण कक्ष, समन्स-वॉरंटची बजावणी, मुद्देमाल कक्ष, महिला साहाय्य कक्ष या कामांना पायांच्या वेगाइतकीच डोक्याच्या शांततेची गरज असते. भांडणात दोन्ही बाजूंना ओळखणारा, वडीलधाऱ्याच्या स्वरात 'बाबांनो, घरी जा' असे सांगू शकणारा माणूस कित्येकदा लाठीपेक्षा उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बीडच्याच संदर्भात समजून घ्यावा लागेल. होमगार्ड स्थानिक असतो, ही त्याची ताकद आहे आणि दुबळेपणाही. 30 ऑक्टोबर 2023 रोजी आरक्षण आंदोलनाला हिंसक वळण लागून माजलगाव व बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे पेटविण्यात आली आणि संचारबंदी लावावी लागली. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील गुन्हेगारीबरोबर पोलीस यंत्रणेच्या निष्पक्षपणावरही राज्यभर प्रश्न विचारले गेले. जातीवरून माणूस ओळखला जाऊ नये म्हणून 2025 च्या प्रारंभी तत्कालीन पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नामफलकावर आडनावाऐवजी केवळ नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. बदली होऊन जाणाऱ्या पोलिसाबाबत ही काळजी घ्यावी लागत असेल, तर त्याच गावात जन्मलेल्या, तेथेच मतदान करणाऱ्या, तेथील सोयरिकींत गुंतलेल्या होमगार्डबाबत ती किती घ्यावी लागेल?

मात्र या प्रश्नाचे उत्तर स्थानिकांना दूर ठेवण्यात सापडणार नाही. तणावाच्या काळात एका तालुक्यातील जवानाला दुसऱ्या तालुक्यात नेमणे, राजकीय पक्षाशी सक्रिय संबंध असलेल्यांना वेळीच वगळणे आणि प्रशिक्षणात कवायतीइतकाच वेळ कायदा व वर्तनाला देणे हे उपाय अवघड नाहीत. शिवाय पुढे पोलीस होण्याची खरी आशा असलेला जवान आपले सेवापुस्तक स्वच्छ ठेवण्यासाठी अधिक दक्ष राहतो. ज्याला पुढे काहीच मिळणार नाही, त्याच्यावर स्थानिक पुढाऱ्याचा दबाव सहज चालतो.

निर्णय सरकारचा

होमगार्डना सरसकट कायम करणे न्यायालयाच्या निकालात बसत नाही आणि ते दलाच्या मूळ हेतूलाही धरून होणार नाही. शिक्षक, वकील, व्यापारी यांच्यासाठी स्वयंसेवेचा मार्ग स्वयंसेवेचाच राहिला पाहिजे. परंतु ज्यांनी आयुष्याच्या मध्यावर आपली पुढची वाट म्हणून हा गणवेश अंगावर चढविला आहे, त्यांच्यापुढे तीन गोष्टी स्पष्टपणे मांडणे सरकारला शक्य आहे. वर्षातील किमान दिवसांची हमी आणि भत्ता दरमहा ठरलेल्या तारखेला, ही पहिली. पोलीस भरतीतील पाच टक्क्यांत सेवेच्या वर्षांइतकी वयाची सवलत, ही दुसरी. ही सवलत द्यावयाची नसेल, तर तिशीपुढील उमेदवारासाठी आरक्षण उपयोगाचे नाही हे भरतीच्या जाहिरातीतच स्वच्छ शब्दांत लिहिणे, ही तिसरी.

तिसऱ्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही. चाळिशीतला माणूस चुकीच्या आशेवर पाच वर्षे घालवतो तेव्हा ती त्याला पुन्हा मिळत नाहीत. पंचविशीतला तरुण दुसरीकडे वळू शकतो, चाळिशीतल्याला पुन्हा कोयत्याकडेच वळावे लागते. परळीच्या रस्त्यावर दिवसभर उन्हात उभा राहून रात्री गणवेशाची घडी घालणाऱ्या त्या माणसाला आपण नेमके कोणत्या वाटेवर आहोत, हे कळण्याचा हक्क निश्चितच आहे.